लंडनमधला 'विद्रोही'

१९२१ सालच्या डिसेंबर महिन्याचा अखेरचा आठवडा. कलकत्त्याच्या तालतला गल्लीतील एका भाड्याच्या घरात, सोबती झोपी गेल्यावर, बावीस वर्षांचा एक तरुण रात्री जागून पेन्सिलीने कविता लिहीत बसला होता. दौतीत टाक बुडविण्याइतकाही अवसर त्याच्या वेगाला परवडत नसावा. सकाळी ती कविता त्याने प्रथम वाचून दाखविली ती खोलीतील सोबत्याला, मुजफ्फर अहमद यांना. पुढे ६ जानेवारी १९२२ रोजी 'बिजली' साप्ताहिकात ती प्रसिद्ध झाली आणि तो अंक पुन्हा छापावा लागला. कवितेचे नाव 'विद्रोही', आणि कवी अर्थातच काझी नजरुल इस्लाम. पहिल्या महायुद्धात बंगाली पलटणीत हवालदार म्हणून कराचीच्या छावणीत राहून आलेल्या या तरुणाला त्या एका रात्रीने बंगालभर ओळख मिळवून दिली. ती ओळख त्याला जन्मभर पुरली.

या गोष्टीला सत्तरांहून अधिक वर्षे लोटल्यावर, १९९५ साली, लंडनमध्ये एक गीतसंग्रह ध्वनिमुद्रित होऊन बाहेर पडला. त्याचे नाव 'फॅक्ट्स अँड फिक्शन्स', म्हणजे सत्ये आणि कल्पिते. तो सिद्ध करणाऱ्या संचाचे नाव 'एशियन डब फाउंडेशन'. संचातील मंडळी भारतीय उपखंडातून इंग्लंडात गेलेल्या कुटुंबांची, आणि त्यांचा मुख्य गायक तर तेव्हा जेमतेम विशीच्या अलीकडचा. या संग्रहातील 'रिबेल वॉरियर' हे गीत नजरुलच्या 'विद्रोही'वर उभारलेले आहे. कलकत्त्यातील ती कविता पूर्व लंडनच्या गल्लीत कोणत्या वाटेने गेली, आणि इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या मुलाला ती आपली का वाटावी, हे समजून घेतले की त्या संग्रहाचे मर्म बरेचसे हाती येते.

ही वाट मुळात समुद्रावरची आहे. कलकत्ता बंदरातून सुटणाऱ्या ब्रिटिश आगबोटींवर इंजिनघरात कोळसा घालण्याच्या कामावर सिल्हेट जिल्ह्यातील माणसे फार मोठ्या संख्येने असत. त्यांना 'लष्कर' किंवा इंग्रजीत 'लास्कर' म्हणत. त्यांपैकी काही जण लंडनच्या गोदीत बोट लागली की उतरून परत चढतच नसत. गोदीलगतच्या वस्तीत त्यांनी खाणावळी काढल्या, शिवणकामाच्या कारखान्यांत काम धरले. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडला हातांची गरज पडली तेव्हा त्यांचे भाऊबंद आले आणि १९७० नंतरच्या काळात बायकामुलेही आली. व्हाइटचॅपल, स्पिटलफील्ड्स आणि ब्रिक लेन हा भाग अशा रीतीने बंगाली झाला. ब्रिक लेनवर एक इमारत आहे. १७४३ साली फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंट विणकरांनी ती प्रार्थनामंदिर म्हणून बांधली. १८९८ मध्ये पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंनी तिचे सिनगॉग केले, आणि १९७६ मध्ये ती मशीद झाली. भिंती त्याच राहिल्या आणि आसरा मागणारे मात्र बदलत गेले.

आसरा मिळाला तरी अभय मिळालेले नव्हते. ४ मे १९७८ रोजी अलताब अली नावाच्या तरुण शिवणकामगाराचा, काम आटोपून घरी परतत असताना, व्हाइटचॅपलमध्ये रस्त्यावर खून झाला. खुनामागे वंशद्वेषाखेरीज कारण नव्हते. दहा दिवसांनी सुमारे सात हजार माणसे त्याच्या शवपेटीमागून हाइड पार्कपर्यंत आणि तेथून पंतप्रधानांच्या निवासस्थानापर्यंत चालत गेली. तोवर मान खाली घालून राहणाऱ्या या वस्तीने एवढ्या मोठ्या संख्येने रस्त्यावर येण्याचा तो पहिलाच मोठा प्रसंग म्हणावा लागेल. जिथे हा प्रकार घडला त्या जागेजवळील बागेला १९९८ साली अलताब अलीचे नाव देण्यात आले.

प्रस्तुत संग्रहाचा जन्म मात्र १९९३ या वर्षाच्या पोटी झाला. त्या साली २२ एप्रिलला दक्षिण लंडनमधील एल्थम भागात स्टीफन लॉरेन्स या काळ्या विद्यार्थ्याला बसथांब्यावर भोसकून मारण्यात आले. तपासात इतकी हयगय झाली की पुढे १९९९ सालच्या चौकशी अहवालाला लंडनच्या पोलिस दलात संस्थेच्याच अंगी वंशद्वेष भिनल्याचे नमूद करावे लागले आणि दोघा आरोपींना शिक्षा होण्यास २०१२ साल उजाडले. सप्टेंबर १९९३ मध्ये पूर्व लंडनमध्येच एका सतरा वर्षांच्या बंगाली विद्यार्थ्यावर टोळक्याने हल्ला केला. तो बेशुद्धावस्थेत रुग्णालयात असताना बाहेर जमलेल्या तरुणांची पोलिसांशी झटापट झाली आणि नऊ जणांना अटक करण्यात आली. टॉवर हॅम्लेट्स या विभागाच्या नावावरून त्यांना 'टॉवर हॅम्लेट्सचे नऊ' असे म्हटले जाऊ लागले. याच महिन्याच्या १६ तारखेला त्याच विभागातील मिलवॉल प्रभागात पोटनिवडणूक झाली. परकीयांना हाकलून लावण्याची भाषा करणाऱ्या ब्रिटिश नॅशनल पार्टीचा उमेदवार तीत अवघ्या सात मतांनी निवडून आला. त्याची जागा पुढील मे महिन्यात गेली खरी, परंतु त्या सात मतांनी त्या वस्तीतील आईबापांची झोप उडविली होती.

अशा वेळी तरुणांच्या मनात संताप साचणे स्वाभाविकच होय. संताप व्यक्त करण्यास मात्र साधन लागते, आणि ते साधन शिकावेही लागते. येथे एका वेगळ्याच माणसाची गाठ पडते. जॉन स्टीव्हन्स हा इंग्रज जाझ तबलजी. 'तबलजी' हा शब्द सोयीसाठी, त्याचे वाद्य पाश्चात्त्य ड्रम. आयत्या वेळी, कोणतीही पूर्वयोजना न करता, सर्वांनी मिळून वाजविण्याच्या पंथाचा तो इंग्लंडातील एक अध्वर्यू होता. १९८३ साली त्याने 'कम्युनिटी म्युझिक' नावाची संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. वाद्य कधीही हाती न धरलेल्या माणसालाही पहिल्या दिवसापासून समूहात वाजविता आले पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. त्यासाठी त्याने श्वासाच्या लांबीवर बेतलेले, एकमेकांचे ऐकण्यास भाग पाडणारे अगदी साधे पाठ रचले. आधी नोटेशन, मग वाद्य, मग मंच, या क्रमाला त्याने फाटाच दिला. आपल्याकडील भजनी मंडळात नवखा मुलगा पहिल्या दिवशी टाळ घेऊन बसतो आणि ऐकत ऐकत तयार होतो, त्यातलाच हा प्रकार. स्टीव्हन्स १९९४ साली वारला.

या संस्थेच्या लंडनमधील फॅरिंग्डन येथील जागेत १९९३ च्या उन्हाळ्यात आशियाई मुलांसाठी संगीत-यंत्रे हाताळण्याचे वर्ग चालले. शिक्षक होते बास गिटार वाजविणारे अनिरुद्ध दास, ज्यांना पुढे 'डॉक्टर दास' हे टोपणनाव मिळाले, आणि त्यांच्या जोडीला जॉन पंडित. पंडित हे तरुणांमध्ये आणि नागरी हक्कांच्या क्षेत्रात काम करणारे कार्यकर्ते. तबकड्या फिरविणारे 'पंडित जी' हे त्यांचे रंगमंचावरील नाव. त्यातील 'जी' इंग्रजी अक्षरही आहे आणि आदरार्थी प्रत्ययही आहे, ही गंमत इंग्रज श्रोत्याच्या लक्षात आली नसल्यास नवल नाही. वर्गातील एका विद्यार्थ्याचे नाव दीदार झमान. बांगलादेशी कुटुंबातील हा मुलगा पंधरा वर्षांच्या आसपासचा होता आणि अतिशय वेगाने, स्पष्ट शब्दोच्चारात पठण करीत असे. घरात संगीत होतेच. त्याचा वडील भाऊ पुढे 'स्टेट ऑफ बेंगॉल' या नावाने प्रसिद्ध झाला. वर्ग संपले तरी ही तिघे पांगली नाहीत. वंशद्वेषविरोधी सभांना आणि मदतनिधीच्या कार्यक्रमांना ध्वनिक्षेपक आणि तबकड्या घेऊन ती जाऊ लागली. १९९४ साली गिटारवादक 'चंद्रसोनिक' त्यांना येऊन मिळाला, 'कॉन्शस' नावाचे छोटे ध्वनिमुद्रण निघाले आणि वर्षभराने तो पहिला पूर्ण संग्रह आला. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच मंचावर आणि विद्यार्थी सर्वांच्या पुढे, ही या संचाची घडण ध्यानात ठेवली पाहिजे.

आता प्रत्यक्ष संगीताकडे वळावयाचे, तर तीन नावांची ओळख करून घेणे भाग आहे. पहिले 'डब'. जमैका बेटावर, किंग्स्टन शहरात, 'किंग टबी' या नावाने ओळखला जाणारा एक विद्युत्-कारागीर होता. ध्वनिवर्धक दुरुस्त करता करता त्याला असे सुचले की, तयार गीतातील गायकाचा आवाज काढून घ्यावा, केवळ बास आणि ताल शिल्लक ठेवावेत आणि मधूनच एखाद्या शब्दाचा तुकडा प्रतिध्वनी देऊन सोडून द्यावा. तबकडीच्या दुसऱ्या बाजूस अशी रिकामी केलेली गीते येऊ लागली आणि त्या रिकाम्या जागेत जत्रेतील, चौकातील निवेदक स्वतःचे शब्द भरू लागले. दुसरे नाव 'हिप-हॉप'. जमैकातूनच न्यूयॉर्कला आलेल्या 'कूल हर्क' नावाच्या युवकाने १९७३ साली ब्रॉन्क्स भागात घरगुती मेजवानीत दोन तबकड्या आलटून पालटून फिरविल्या आणि गाण्यातील केवळ तालाचा तुकडा हवा तितका लांबविला. त्या लांबविलेल्या तालावर यमकबद्ध बोलणे सुरू झाले, तेच 'रॅप'. पोवाड्यात शाहीर कडव्यांच्या मध्ये जो गद्य पल्ला झपाट्याने घेतो, डफ मात्र थांबत नाही, ते ज्याने ऐकले आहे त्याला या प्रकारात फार परके असे काही वाटावयाचे नाही.

तिसरे नाव 'जंगल', आणि हे मात्र खास लंडनचे. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ते तयार झाले. १९६९ सालच्या एका अमेरिकन तबकडीवर सहा-सात सेकंदांचा ड्रमचा एक तुकडा आहे. लंडनच्या पोरांनी तो यंत्रात घेतला, त्याचे बारीक तुकडे केले, वेग वाढविला आणि तुकड्यांची उलटापालट करून जोडले. परिणामी असा ताल निर्माण झाला की जो कोणताही हात प्रत्यक्ष वाजवू शकला नसता. त्याच्याखाली बास मात्र निम्म्या गतीने, जड पावलांनी चालतो. भारतीय श्रोत्याला हे दोन शब्दांत सांगता येते. वर द्रुत, खाली विलंबित, आणि दोन्ही एकाच वेळी. पाय कोणत्या लयीला द्यावयाचा, हे ऐकणाऱ्याने ठरवावयाचे असते.

'फॅक्ट्स अँड फिक्शन्स'मध्ये हे तिन्ही एकत्र आलेले आहेत आणि त्यात एक चौथी गोष्ट मिसळलेली आहे. चंद्रसोनिक गिटारच्या सर्व तारा एकाच स्वरात लावी आणि कधी कधी त्या सुरीच्या पात्याने वाजवी. तानपुऱ्यासारखा अखंड गुंजणारा स्वर, पण विजेने कर्कश केलेला. दासांच्या बासवर रागसंगीताच्या चलनाची छाया आहे. या ठिकाणी एक दक्षता घ्यावी लागते. भारतीय वाद्ये पाश्चात्त्य तालावर पेरून 'पौर्वात्य' सुगंध देण्याचा जो प्रकार १९६०-७० पासून इंग्लंडात रुळला होता, त्याच्याशी या मंडळींचे उघड भांडण आहे. 'जेरिको' या गीतात ते स्पष्टच सांगतात की आम्हांला नवलाईची, दूरदेशीची वस्तू समजू नका. आमची ओळख विजेवर चालणाऱ्या यंत्राची आहे. सतार वाजली म्हणजे भारत आला, असे समजणाऱ्या रसिकाला हे गीत थोडे बोचतेच, आणि तशी बोच आपल्याकडील रसिकालाही लागण्यास हरकत नाही.

'जेरिको' या नावाचाही अर्थ आहे. बायबलातील कथेप्रमाणे यहोशवाच्या सैन्याने जेरिको नगराला सात दिवस प्रदक्षिणा घातल्या, सातव्या दिवशी रणशिंगे फुंकली आणि तट कोसळले. येथे रणशिंगाच्या जागी ध्वनिक्षेपकांची भिंत आहे. अन्यायाचा तट आवाजाने पाडावयाचा, ही कल्पना मराठी वाचकाला परकी नाही. केशवसुतांनी १८९३ सालीच तुतारी मागितली होती.

उरलेल्या गीतांपैकी 'टीएच नाइन' हे त्या अटक झालेल्या नऊ तरुणांविषयीचे आहे. वृत्तपत्रांनी 'दंगलखोर' ठरविलेल्या मुलांची बाजू त्यात सांगितलेली आहे. वार्ताहराच्या लेखणीतून जे सुटले ते तालावर टिपून ठेवावे, हे या जातीच्या संगीताचे जुने काम आहे, आणि या गीतात ते चोख झाले आहे. 'डेब्री', म्हणजे पडझडीचा ढिगारा, या गीताचा विषय अधिक मोठा आहे. तुम्ही आमच्या देशात का आलात, या रोजच्या प्रश्नाला त्यात उत्तर दिलेले आहे. तुम्ही आमच्या देशात आला होतात, त्याचाच हा परिणाम आहे, असा त्याचा आशय. लंडनमधील विचारवंत ए. शिवानंदन यांनी हा विचार पूर्वीच सूत्ररूपाने मांडला होता. श्रीलंकेहून आलेला तमिळ ग्रंथपाल, वंशसंबंधांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचा संचालक आणि 'रेस अँड क्लास' या त्रैमासिकाचा संपादक अशा या माणसाचे विचार सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी नाचाच्या तालावर यावेत, यामागे दास आणि पंडित यांच्या वर्गाचा हात आहेच. केवळ यंत्राची बटणे शिकविणारा तो वर्ग नव्हता.

परंतु या साऱ्या गीतांत कान पुन्हा पुन्हा जातो तो 'रिबेल वॉरियर'कडे. नजरुलच्या मूळ कवितेची रचना येथे आठवली पाहिजे. ओळीमागून ओळ 'मी' या शब्दाने सुरू होते आणि प्रत्येक ओळीत तो 'मी' नवे रूप घेतो. तो तांडव करणारा नटराज होतो, परशुरामाचा परशू होतो, बलरामाच्या खांद्यावरचा नांगर होतो आणि प्रलयाच्या दिवशी इस्राफिलने फुंकावयाचे शिंगही होतो. विष्णूच्या छातीवर पाऊल उमटविणारा भृगूदेखील तोच. आपल्याकडे भृगूची ती लाथ भक्तवत्सलतेची खूण म्हणून, श्रीवत्सलांछन म्हणून, कीर्तनात सांगितली जाते. नजरुल मात्र विष्णूच्या बाजूने न पाहता भृगूच्या पायाच्या बाजूने पाहतो. हिंदू पुराणे आणि इस्लामी परंपरा यांतील प्रतिमा त्याने एका दमात, एका श्वासात गुंफल्या आणि दोन्हीकडच्या कर्मठांचा रोष ओढवून घेतला. कवितेतला हा विद्रोही थकतो तोही एका अटीवर. पीडितांचा आक्रोश आकाशात घुमेनासा होईल तेव्हाच तो शांत होणार आहे.

लंडनच्या गीतकारांनी या कवितेचे भाषांतर केलेले नाही. शीर्षकातील बंगाली शब्द तेवढे बंगालीतच ठेवले, विद्रोह्याची ती अट ठेवली आणि बाकीचा संसार आपल्या वस्तीतला मांडला. त्यातही एक बदल फार बोलका आहे. नजरुलच्या विद्रोह्याच्या एका हाती वेळूची बासरी आहे आणि दुसऱ्या हाती रणतूर्य. गीतात बासरी राहिली, रणतूर्य गेले आणि त्याच्या जागी 'सायरन' आला. पूर्व लंडनच्या मुलाला रात्री ऐकू येणारा सायरन पोलिसांच्या गाडीचा असतो, भयाचा असतो. परंतु जमैकन ध्वनिक्षेपक-मंडळांच्या कार्यक्रमांतही सायरनसारखा आवाज नाचणाऱ्यांना चेतविण्यासाठी सोडला जातो, तो उत्सवाचा असतो. ज्या आवाजाने दचकावयाचे तोच आवाज हाती घेऊन वाजवावयाचा, एवढा अर्थ त्या एका शब्दात भरला आहे. कविता जिवंतपणे पुढे नेणे म्हणतात ते हेच असावे. शब्दाला शब्द ठेवून केलेल्या इमानी भाषांतरात हे साधले नसते.

यात आणखी एक धागा आहे, आणि तो दुखरा आहे. नजरुलने १९२२ साली 'धूमकेतू' हे नियतकालिक काढले. त्यातील एका कवितेवरून त्याच्यावर राजद्रोहाचा खटला झाला आणि १९२३ च्या जानेवारीत त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. ज्या साम्राज्याने ही शिक्षा दिली त्याच्याच राजधानीत त्या कवीच्या भाषेची मुले वाढली. शाळेत त्यांना शेक्सपिअर शिकविला गेला आणि तो शिकविणे योग्यच होते. नजरुल मात्र त्यांच्यापर्यंत घरातून, आजीच्या किंवा वडिलांच्या तोंडून, मोडक्यातोडक्या आठवणीतून यावयाचा. आपल्याजवळ काही नाही, आपण कोठून तरी आलेले उपरे आहोत, असे जिला रस्त्यावर रोज ऐकविले जाते त्या पिढीला आपल्या आजोबांच्या पिढीने याहून जोरकस आवाजात उत्तर देऊन ठेवले आहे हे कळणे, ही लहानसहान गोष्ट नव्हे. संग्रहातील उग्रपणाच्या मुळाशी हा शोधाचा आनंद आहे. म्हणून हे गीत ऐकताना चीड जाणवते आणि उमेदही जाणवते.

संग्रहात उणिवा नाहीत असे नाही. काही गीतांत पत्रक वाचल्यासारखे वाटते. घोषणा खरी असली तरी ती तिसऱ्यांदा ऐकताना कान कंटाळतो. ध्वनिमुद्रणही काही ठिकाणी विरळ आहे. या संचाला प्रत्यक्ष मंचावर ऐकणारांनी वर्णिलेली घनता तबकडीवर सर्वत्र उतरलेली नाही. तीन वर्षांनी आलेल्या 'रफीज रिव्हेंज' या संग्रहात ही कसर पुष्कळशी भरून निघाली. पण पहिल्या संग्रहातील कच्चेपणात मुले वर्गातून नुकतीच बाहेर पडली आहेत हे जाणवते आणि ते सुधारून घेण्याची इच्छा होत नाही.

हा संग्रह प्रसिद्ध केला 'नेशन रेकॉर्ड्स' या लहानशा संस्थेने. ब्रॅडफर्डमध्ये वाढलेला अकी नवाज हा तिच्या संस्थापकांपैकी एक. त्याच्याच 'फन-दा-मेंटल' या हिप-हॉप संचाचा पहिला आणि तितकाच जहाल संग्रह 'सीझ द टाइम' १९९४ साली आला होता. इंग्लंडातील बड्या वृत्तपत्रांनी आणि नभोवाणीने १९९५ साली 'फॅक्ट्स अँड फिक्शन्स'ची फारशी दखल घेतली नाही. ते वर्ष 'ब्रिटपॉप'चे होते. 'ब्लर' आणि 'ओएसिस' या दोन संचांत कोणाची तबकडी अधिक खपते यावर ऑगस्ट महिनाभर देशात चर्चा चालली होती आणि गिटारवर ब्रिटिश निशाण रंगविण्याची टूम निघाली होती. त्याच निशाणाखाली मिलवॉलमध्ये मते मागितली गेली होती, हे पूर्व लंडनचे तरुण विसरू शकत नव्हते. गंमत अशी की या संचाला कान मिळाले ते आधी फ्रान्समध्ये. त्यांचा दुसरा संग्रह १९९७ साली मूळ रूपात प्रथम तेथेच निघाला. मग इंग्लंड जागे झाले. नव्याने बांधलेला 'रफीज रिव्हेंज' १९९८ च्या मर्क्युरी पारितोषिकाच्या अंतिम यादीत आला. जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचा गव्हर्नर असलेल्या ओडवायरचा १९४० साली लंडनमध्ये वध करणाऱ्या उधमसिंगावर त्यात एक गीत आहे. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत 'कॉर्नरशॉप' या दुसऱ्या एका संचाचे गाणे ब्रिटिश विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेले. ते आशा भोसले यांच्यावरचे होते. सांगलीच्या मुलीचे नाव त्या आठवड्यांत इंग्लंडभर लोकांच्या ओठी होते. परंतु त्या गोड गाण्याला जी दारे उघडली गेली ती खटखटावण्याचे काम आधी काहींनी केले होते, हे सांगणे न्यायाचे होईल.

गीतांनी काही घडते का, हा प्रश्न अशा वेळी निघतोच. त्याचे उत्तर सावधपणेच द्यावयास हवे. आपण आत्मसंरक्षणार्थ वार केला असे सांगणाऱ्या, जन्मठेप भोगणाऱ्या एका भारतीय वंशाच्या कैद्याच्या सुटकेसाठी या संचाने १९९८ साली गीत केले, सभा घेतल्या. तो २००२ साली सुटला. सुटका गीतामुळे झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण वकील आणि कार्यकर्ते यांनी वर्षानुवर्षे चिवटपणे काम केले होते. गीतामुळे त्याचे नाव, ज्यांनी ते कधी ऐकले नसते अशा हजारो तरुणांना माहीत झाले, इतके मात्र खरे. अधिक ठळक परिणाम दुसरीकडे दिसतो. या मंडळींनी पुढे स्वतःचेच संगीत-शिक्षणाचे वर्ग काढले आणि २०००च्या संग्रहाला जॉन स्टीव्हन्सच्या संस्थेचे, 'कम्युनिटी म्युझिक' हे नाव दिले. आपल्या कामाबद्दल देऊ केलेला ब्रिटिश सरकारचा किताब जॉन पंडितांनी नाकारला. दीदार झमान त्याच सुमारास संचातून बाहेर पडला आणि त्याची जागा घेण्यास त्या वर्गांतून आलेली मुले होती.

नजरुलला यातले काही कळणे शक्य नव्हते. कलकत्त्याच्या नभोवाणी केंद्राशी त्याचा अनेक वर्षे संबंध होता आणि १९४२ च्या जुलै महिन्यात त्याची वाचा हरपली. त्यानंतर तो चौतीस वर्षे जगला. बांगलादेश झाल्यावर १९७२ साली त्याला ढाक्याला नेण्यात आले, आणि तेथेच २९ ऑगस्ट १९७६ रोजी तो वारला. ज्याच्या कवितेत 'मी' शब्द थांबत नाही त्या कवीच्या तोंडून एवढ्या वर्षांत अर्थपूर्ण असे वाक्य निघाले नाही.

'फॅक्ट्स अँड फिक्शन्स'च्या शेवटी 'जेरिको' पुन्हा येते, पण डबच्या रीतीने. दीदारचा आवाज त्यातून बहुतेक काढून घेतला आहे. उरला आहे तो बास, तुटून जोडलेला ताल आणि मधूनच लांब जाऊन परतणारा एखादा शब्द. जमैकात अशा तबकडीवर जो उभा असेल त्याने आपले शब्द भरावयाचे असत.